डाव्या सीटवरची घागर

गाडी कितीला घेतली, हे लातूरात मला कुणी विचारलं नाही. विचारायचे ते एकच, "काका, किती देते?" पंपावर विचारायचे, सिग्नलला काच खाली करा म्हणून खुणा करायचे आणि विचारायचे. एकदा मयतीला गेलो होतो, तिथंही एकानं खांद्याला हात लावून हळूच विचारलं. मी माणूस बघून उत्तर द्यायचो. पोरगं असलं तर बारा सांगायचो, पाहुणा असला तर दहा. खरं सांगितलं तर लोक मालकाला येड्यात काढायचे. खरं म्हणजे गावात लिटरला पाच आणि रस्त्यावर सात. पाय चांगला असला तर आठाच्या वर. माझा पाय चांगला आहे. हे मी सांगत नाही, दुसरं कुणी सांगायचं. ते पुढं येईल.

दिवाळी अंकवाल्या सरांनी सांगितलं, ड्रायव्हरकीबद्दल लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत. फिरवून लिहिता येत नाही. माझी बायको गयाबाई गेल्या वर्षी गेली. ते आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी वाट बघत बसायला नको.

माझे मालक डाळमिलवाले. आख्खी बाजारपेठ त्यांना अप्पा म्हणते, मीही अप्पाच म्हणतो. पांढरं धोतर, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. आयुष्यभर टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून फिरले, कधी जागा नसली तर मागं डाळीच्या पोत्यांवर, कट्ट्यांवर. टेम्पो मीच चालवायचो. सत्तरी गाठल्यावर त्यांनी एकदम ही गाडी घेतली. परदेशी, काळी, आठ सिलेंडरची, पेट्रोलवर चालणारी. तेवढ्यात लातूरात दोन चांगले फ्लॅट आले असते. लेक पुण्याहून फोनवर ओरडला. अप्पा त्याला म्हणाले, "आवाज ऐक रं तिचा. मिल चालू असल्यावानी घुमती." तेवढंच कारण. मिल चालू असली की अप्पाला झोप लागते, बंद पडली की जाग येते. गाडीत मागं बसायचे, चाकूर यायच्या आत घोरायला लागायचे.

आता खर्चाचं सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, पेट्रोल हाच खर्च. पेट्रोल तर दिसतं तरी. न दिसणारं लई आहे. एका टायरच्या पैशात जुनी मोटारसायकल आली असती, आणि टायर बदलायचे तर चारही बदला म्हणतात. सर्व्हिसिंग हैदराबादला. म्हणजे इंजिनातलं तेल बदलायला जायचं तर पेट्रोल जाळत जायचं आणि जाळत यायचं. विम्याचा आकडा ऐकून मिलचे मुनीम चष्मा पुसायचे. आणि स्टेपनी नाही! रेणापूरला टायर बसला तेव्हा पंक्चरवाल्यानं सगळी गाडी फिरून बघितली, खाली वाकून बघितली आणि मला म्हणाला, "काका, माझ्या टमटमला बी स्टेपनी हाय हो." फेस भरायची एक बाटली दिलेली असते, ती मारून मी हळूहळू लातूर गाठलं. अप्पा मागं झोपलेले. उठल्यावर म्हणाले, "लवकर आलो."

सगळ्यात मोठा खर्च मात्र अप्पांच्या सवयीचा. गाडी रिकामी पाठवायची नाही, हा त्यांचा व्यापारातला पहिला नियम. टेम्पो उदगीरला डाळ घेऊन गेला तर येताना काहीतरी भरून आलाच पाहिजे. सरकी पेंड, गूळ, नाहीतर कुणाचं लग्नाचं सामान. हाच नियम त्यांनी ह्या गाडीला लावला. मागच्या डिकीत तूरडाळीचे दोन कट्टे, कधी तीन. गुळगुळीत गालिच्यावर डाळीचं पीठ. ह्या गाडीला खाली स्प्रिंग नसतात, हवेच्या पिशव्या असतात. गाडी खड्ड्यावरून गेली तरी पोटातलं पाणी हलत नाही म्हणतात. त्यातली मागची एक पिशवी फाटली. ती बदलायला जे पैसे गेले, त्यात टेम्पोचं आख्खं इंजिन निघालं असतं. आता ती कट्ट्यांनी फाटली की अहमदपूरकडच्या खड्ड्यांनी, ते देव जाणे. हैदराबादचा कारागीर डिकीतलं पीठ बोटाला लावून चाटत म्हणाला, "तूर आहे." मी म्हणालो, "हो. फटका, एक नंबरची डाळ."

आता पायाचं. अ‍ॅव्हरेज इंजिनात नसतं, पायात असतं. पुढं लांब बघायचं. ट्रॅक्टर वळणार, म्हशी आडव्या येणार, गतिरोधक येणार, हे आधी ओळखून पाय उचलायचा. ब्रेक दाबला म्हणजे जाळलेलं पेट्रोल फेकून दिलं. हे मला कुठल्या उस्तादानं शिकवलं नाही. गयानं शिकवलं.

आम्ही लातूरात भाड्यानं राहत होतो, तिथं एका उन्हाळ्यात नळाला पाणी महिन्यातून कधीतरी यायचं. मिलच्या बोअरला मात्र पाणी असायचं. अप्पा म्हणायचे, टेम्पो घरीच जातो ना, मग घागरी भरून ने. मागं हंडे, कळशा दोरीनं बांधायच्या. एक पितळी घागर होती गयाच्या माहेरची, तिला झाकण नव्हतं. ती गया मांडीवर घेऊन पुढं बसायची, माझ्या डाव्या हाताला. घागर काठोकाठ. मी कचकन ब्रेक मारला की लुगडं ओलं. पहिल्यांदा तर गळ्यापर्यंत भिजली. मला वाटलं, रडते आता. तर घागर पुढं करून म्हणाली, "सांडलं. आता तुम्हीच भरून आणा." आणि खरंच, अर्ध्या रस्त्यातून मला मागं पाठवलं. टेम्पो रस्त्याच्या कडेला, ही पुढं बसलेली आणि मी घागर खांद्यावर घेऊन मिलकडं चालत. लोक बघून हसत होते.

त्या उन्हाळ्यात माझा पाय सुधारला. गतिरोधकावर घागर हलायची नाही. मग तिला पाणी बघायचीही गरज राहिली नाही. ती माझ्याशी बोलत बसायची. पाणी सांडलं नाही की गया गप्पा मारायची आणि टेम्पो डिझेल कमी खायचा. एकच गोष्ट आहे ती.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं. लातूरात डॉक्टर आहेत, चांगले आहेत. पण तिच्या बहिणीला नांदेडच्या डॉक्टरचा गुण आला होता, म्हणून हिला तोच पाहिजे. दर पंधरा दिवसाला जायचं. मी एसटीनं न्यायचं ठरवलं. मालकाची गाडी मागायची नाही, हे माझं पक्कं होतं. इतकी वर्षं पगाराशिवाय काही मागितलं नाही, आता बायकोच्या आजारात मागू का?

जायच्या आदल्या दिवशी अप्पा मला म्हणाले, "किसन, उद्या नांदेडला हबीबभाईकडं दोन कट्टे डाळ टाकून ये."

हबीबभाई म्हणजे नांदेडच्या जुन्या बाजारातले डाळीचे व्यापारी. त्यांच्याकडं आमची डाळ आधीपासून जायची.

मी म्हणालो, "टेम्पो जाईल की अप्पा, परवा."

"टेम्पो उदगीरला चाललाय. ही ने. आणि दोन कट्ट्यांनी काय गाडी भरती व्हय? पुढची सीट रिकामी जाती. गयाबाईला घेऊन जा."

मी मनात म्हणालो, बघा म्हाताऱ्याची हाव. सीटसुद्धा रिकामी जाऊ देत नाही. आणि नेलं तिला.

पहिल्या दिवशी ती सीटवर बसली आणि पाय वर घेऊन मांडी घालायला लागली. बटण दाबून सीट मागं केली तर घाबरून म्हणाली, "अवं, मोडली का?" चाकूर गेलं, शिरूर गेलं. लई वेळ बाहेर बघत राहिली, मग विचारलं, "किती देते ही?"

तिला मी खोटं बोलत नव्हतो. म्हणालो, "सात."

"सात? आपला टेम्पो बरा होता की."

त्या दिवसापासून ती पाण्याची बाटली घेऊन बसायची. टोपण काढून, काठोकाठ भरून, मांडीवर. औषधानं हात थरथरायचे तिचे, तरी धरायची. मी म्हणायचो, कामून धरतीस, टोपण लाव. ती म्हणायची, "तुमचा पाय बिघडला का बघायलेय." त्या चकरांत गाडीनं आठाच्या वर दिलं. अप्पाच्या गाडीनं असं कधी दिलं नव्हतं. नांदेडला आधी हबीबभाईकडं कट्टे उतरवायचे. ते गयासाठी दुकानातून चहा पाठवायचे, ती गाडीतच प्यायची. मग दवाखाना. मग परत. अशा लई चकरा झाल्या. शेवटच्या चकरेला तिनं बाटली धरली नाही. सीट मागं करून झोपली. तरी मी घागर असल्यासारखीच चालवली.

ती गेल्यावर चार महिन्यांनी अप्पांच्या सूनबाईंनी मला मिलमध्ये बोलावलं. शिल्पावहिनी त्यांचं नाव. माहेर उदगीरचं, कॉमर्स शिकलेल्या. नवरा पुण्यात, मिल ह्याच बघतात, आणि चांगल्या बघतात. त्यांच्या हातात आल्यापासून हमालांचे पैसे शनिवारी संध्याकाळी मिळतात, हे मी डोळ्यांनी बघतो. अप्पा बाजूला खुर्चीवर पेपर तोंडापुढं धरून बसले होते.

वहिनी म्हणाल्या, "काका, राग मानू नका. गाडी विकायची म्हणते मी. हैदराबादचं एक गिऱ्हाईक सोमवारी येतंय. मामा ऐकत नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारते." त्या सासऱ्याला मामा म्हणतात. "मागच्या वर्षी ही गाडी नांदेडला किती वेळा गेली? कशाला?"

"डाळ टाकायला," मी म्हणालो.

"दोन कट्टे डाळ? त्या डाळीपेक्षा पेट्रोल महाग पडलं, काका. टेम्पो जातच होता ना?"

पेपरामागून अप्पा म्हणाले, "हबीबला घाई असती."

"आणि आता गावातल्या गावात गाडी पाचसुद्धा देत नाही. आधी बरी देत होती. बिघाड आहे का?"

मी फिल्टर साफ करून घेतला होता, चाकातली हवा बघितली होती. बिघाड नव्हता.  

खरं सांगतो, मला त्या गाडीचं काही नव्हतं. माझं वय झालंच होतं. अप्पाला झोप दुसऱ्या गाडीतही लागली असती. मला त्या डाव्या सीटची पडली होती. गया ज्यावर शेवटची बसली, ती सीट हैदराबादला जाणार, तिच्यावर कुणी परका बसणार. हे असं बोलता येत नाही. सीट काढून द्या म्हणायचं का?

वहिनी म्हणाल्या, "एकदा माझ्यासमोर नांदेडला जाऊन येऊ. टाकी गळ्यापर्यंत भरू, तिथं परत भरू. खरं काय देते ते कळेल. आणि हबीबभाईला विचारू, त्यांना एवढी डाळ कशाला लागते. मग सोमवारचं ठरवू."

अप्पांचा पेपर हलला. "मी बी येतो," म्हणाले.

शनिवारी सकाळी पंपावर टाकी भरली. पंपावरच्या माणसानं विचारलं, "काका, किती देते?" वहिनी मागून म्हणाल्या, "तेच बघायला चाललोय." मग मिलवर अप्पाला घ्यायला गेलो, तर डिकीत दोन कट्टे आधीच तयार.

वहिनींनी कपाळाला हात लावला. "मामा! आज गाडीची परीक्षा आहे!"

"मग? रिकामी जाणार व्हय?"

जाताना माझा पाय मलाच कळत होता. जड. पुढं बघायचो तर डावीकडं नजर जायची. वहिनी आणि अप्पा मागं होते. अप्पा त्या दिवशी झोपले नाहीत. माळाकोळीच्या उतारावर मी गिअर काढून गाडी नुसती सोडली. जुन्या ड्रायव्हरांची सवय आहे ती, पेट्रोल वाचतं म्हणून.

मागून वहिनी म्हणाल्या, "काका, गिअरमध्येच ठेवा. ह्या गाड्यांत उताराला गिअरमध्ये असताना पेट्रोल जातच नाही. न्यूट्रलला उलट जातं."

"वहिनी, मी गाडी चालवायला लागलो तेव्हा तुम्ही शाळेत पण नव्हता."

"म्हणून सांगते. तेव्हाच्या गाड्या वेगळ्या." त्यांनी फोनवर काहीतरी लावून मला ऐकवलं. बरोबर होतं त्यांचं. ह्या गाडीला मी उगाच न्यूट्रल करत आलो. नांदेडला टाकी भरली, वहिनींनी फोनवर भागाकार केला. साडेसहा. अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

हबीबभाईंचं दुकान बोळात. आम्हाला बघून ते गादीवरून उठले. "आओ अप्पा, आओ! आज मालक खुद आले म्हणजे काय बात हाय?" मग मी डिकी उघडली, कट्टे दिसले, आणि ते डोक्याला हात लावून हसायला लागले. "फिर डाळ? अप्पा, रहम करो! जागा न्हाई माझ्याकडं!"

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे? तुम्ही मागवत नाही?"

"मैं? बेटी, मी महिन्याला एकदा टेम्पोनं घेतो, हमेशा. हे दोन दोन कट्टे तुझे ससुरे भेजते. मी फोनवर विचारलं, अप्पा, हे कामून? तर म्हणाले, ठेवून घे. विकली तर पैसे दे, न्हाई विकली तर खा." ते माझ्याकडं बघून हसले. "किसनची बेगम दवाखान्यात जायची ना. अप्पा म्हणाले, किसन लई अकडू हाय, फुकट गाडीत बसायचा न्हाई. डाळ हाय म्हणलं की बसंल. कैसी है भाभी? आज गाडीत न्हाई?"



"गेली," मी म्हणालो.

हबीबभाई खाली बसले. मग माझा हात दोन्ही हातांत धरला. अप्पा दुकानाबाहेर जाऊन उगाच एका पोत्यातली तूर हातावर घेऊन बघत होते. मी त्यांच्याजवळ गेलो. 

"अप्पा," मी म्हणालो.

"डाळ चांगली होती ना?" अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले. "मग गप चल."

निघताना अप्पा सवयीनं इकडं तिकडं बघायला लागले. शेजारच्या दुकानात हळदीचे कट्टे होते. वहिनी म्हणाल्या, "मामा, आज तरी रिकामी जाऊ द्या." अप्पांनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा. वहिनी मागं बसल्या नाहीत. पुढचं दार उघडून डाव्या सीटवर बसल्या. मी एकदा बघितलं आणि गाडी चालू केली.

लोहा यायच्या आधी मीच सांगायला लागलो. घागरीचं, लुगड्याचं, बाटलीचं. वहिनींनी सगळं ऐकलं. मग त्यांनी पाण्याची बाटली घेतली, टोपण काढून खिशात टाकलं आणि बाटली मांडीवर धरली.  मागं अप्पा घोरायला लागले होते.

मी पुढं लांब बघायला लागलो. म्हशी, ट्रॅक्टर, अहमदपूरची गर्दी, चाकूरचे गतिरोधक. उताराला गिअरमध्येच ठेवली. लातूरला पंपावर टाकी भरली तेव्हा बाटली तशीच होती. वहिनींनी भागाकार केला, परत केला.

"नऊ, काका."

"नऊ?"

"नऊ. आणि सोमवारच्या माणसाला मी नको म्हणून कळवते."

नऊमुळं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. अप्पा जागे झाले होते. म्हणाले, "मग आता डाळ कशात न्यायची?" वहिनी म्हणाल्या, "टेम्पोत, मामा. ही एवढी पिते, तर हिला माणसांच्याच कामाला लावू." त्या दिवसापासून मिलमधल्या कुणाला नांदेडला, सोलापूरला दवाखान्यात जायचं असलं की गाडी जाते. खर्च काही कमी झाला नाही. टायर तेवढेच महाग आहेत. हैदराबादचा कारागीर डिकी बघून विचारतो, डाळ कुठाय?

मी आता चालवत नाही. डोळ्यात मोतीबिंदू उतरला, एकाचं ऑपरेशन झालं, दुसरा बाकी आहे. गाडी वहिनी चालवतात. मीच शिकवलं, डाव्या सीटवर बसून. सुरुवातीला बाटली पाच मिनिटांत रिकामी व्हायची.

परवा सकाळी दारात गाडी थांबली. मी एकटाच भाकरी करत होतो. वहिनी आत न येता दारातून म्हणाल्या, "काका, नांदेडला गाडी रिकामी चाललीय. येता का?"

मला आता कळतं. नांदेडला काही काम नव्हतं त्यांचं. हबीबभाईकडं जाऊन चहा पिऊन आलो, एवढंच. पण मी एका शब्दानं विचारलं नाही. तवा उतरवला, टोपी घातली आणि जाऊन बसलो. वहिनींनी काठोकाठ भरलेली बाटली माझ्या हातात दिली. टोपण नव्हतं.

अप्पा मागं. चाकूरच्या गतिरोधकावर वहिनींचं लक्ष एका बैलगाडीकडं गेलं आणि कचकन ब्रेक लागला. सगळं पाणी माझ्या पायजम्यावर. "अगं बाई! काका, सॉरी!"

मी बाटली पुढं धरली. "सांडलं. आता तुम्हीच भरून आणा."

वहिनींनी गाडी कडेला घेतली. हॉटेलातल्या माठातून बाटली भरून आणली, काठोकाठ, आणि माझ्या हातात दिली. मग आम्ही हळू निघालो.